जंतांशी शरीर लढतं की जुळवून घेतं?

दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टची १० तारीख जवळ आली, शाळेतून जंतनाशक गोळीची सूचना घरी आली, की पालकांमध्ये तोच वाद पुन्हा सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं असं, की धडधाकट पोराला औषध कशाला? चांगलंचुंगलं खायला घाला, प्रतिकारशक्ती वाढवा, जंत आपोआप पडून जातील. त्यातच कुणीतरी परदेशी संशोधनाचा दाखला देतं, की पोटात जंत असलेल्यांना दमा आणि ॲलर्जी कमी होते. म्हणजे जंत काढणं हेच मुळात निसर्गाच्या विरुद्ध. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते, की वर्षातून दोनदा एक गोळी चावली की काम झालं. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला. एवढ्या वर्षांत दोन्ही बाजूंनी एकमेकांवर भरपूर तोंडसुख घेतलं, पण ज्यावर हा सगळा वाद उभा आहे तो प्रश्न कुणी धड विचारलेला दिसत नाही. आतड्यात जंत शिरले की आपलं शरीर नेमकं करतं काय?

माझं म्हणणं सरळ आहे. जंतांविरुद्धची आपली प्रतिकारशक्ती त्यांना ठार मारण्यासाठी घडलेली नाही. जमलं तर त्यांना बाहेर ढकलायचं, नाही जमलं तर त्यांच्यासह दिवस काढायचे आणि आतड्याची नासधूस आटोक्यात ठेवायची, असा तिचा रिवाज आहे. पोटभर जेवणाऱ्या प्रौढ माणसाला ही तडजोड एक वेळ परवडते. वाढत्या वयाच्या, अर्धपोटी मुलाला ती परवडत नाही, म्हणून गोळी द्यायलाच हवी. आणि त्याच कारणासाठी नुसत्या गोळीवर भागत नाही. गोवर एकदा येऊन गेला की सहसा जन्मभर परत येत नाही. जंत मात्र पाडल्यावर सहा महिन्यांत पुन्हा होतात, कारण मागे तसं काही संरक्षण उरलेलंच नसतं.

हा फरक का पडतो? आधी आकार बघा. एखादा जिवाणू पांढरी पेशी गिळून पचवू शकते. गोल जंताची मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब असते आणि पांढरी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. तिथे गिळण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरं म्हणजे, गोल जंत, चाबूककृमी आणि हुकवर्म हे मातीतून येणारे जंत माणसाच्या पोटात संख्येने वाढत नाहीत. गोल जंताची एक मादी रोज सुमारे दोन लाख अंडी घालते, पण ती सगळी शौचावाटे बाहेर जातात, ओलसर सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे पडून राहिल्यावरच त्यांच्यात अळी तयार होते आणि मग कुणाच्या तरी तोंडात गेली तरच पुढचा जंत होतो. म्हणजे पोटात पन्नास जंत असतील, तर ते मूल पन्नास अंडी किंवा अळ्या मातीतून घेऊन आलेलं असतं. शरीराच्या दृष्टीने हा जिवाणूसारखा तासातासाला दुप्पट होणारा शत्रू नाही. एका जंताला मारण्यासाठी आतड्याचं अस्तर जाळून टाकणं शरीराला महागात पडेल. दोन-चार जंत सांभाळणं त्यापेक्षा स्वस्त. उत्क्रांतीने हिशेब असा मांडला आहे.

ही लढाई सगळ्यात बारकाईने पाहिली गेली आहे ती प्रयोगशाळेतल्या उंदरांत. निप्पोस्ट्रॉन्गिलस नावाच्या जंताच्या पाचेकशे अळ्या उंदराच्या कातडीखाली टोचल्या, की दोन दिवसांत त्या रक्तावाटे फुप्फुसात पोचतात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लहान आतड्यात मुक्कामाला येतात. आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी असतात. निरोगी आतड्यात त्या शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. त्यांचं काम काय, हे कित्येक दशकं कुणाला माहीत नव्हतं. २०१६ साली तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं, की परजीवी आल्याचा सुगावा लागतो तो या पेशींना. सुगावा लागताच त्या इंटरल्यूकिन-२५ हा रासायनिक निरोप सोडतात. तो पोचतो अस्तराखालच्या आयएलसी-२ या प्रतिकारशक्तीच्या पेशींकडे, आणि त्या इंटरल्यूकिन-१३ सोडतात. हा दुसरा निरोप अस्तराच्या मूळपेशींपर्यंत जातो आणि त्या टफ्ट पेशी आणि चिकट स्राव बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी जास्त संख्येने घडवू लागतात. टफ्ट पेशी वाढल्या की निरोपही वाढतो. असं चक्र एकदा फिरू लागलं की आठवड्याभरात आतड्याचा पोतच पालटतो. स्राव दाट होतो, आतड्याच्या भिंतीतून पाणी झिरपतं, स्नायूंचं आकुंचन जोर धरतं, आणि अस्तराच्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने झडून नव्या येतात. जंताला धरून राहायला जागा मिळत नाही. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत बहुतेक जंत शौचावाटे बाहेर पडलेले असतात. या सगळ्यात जंत मेलाच पाहिजे अशी अट कुठेही नाही. घसरड्या भिंतीवरचा त्याचा मुक्काम तेवढा अशक्य केलेला असतो.

आता त्याच जातीच्या उंदराला हेलिग्मोसोमॉइडिस नावाचा दुसरा जंत द्या. टफ्ट पेशी त्याच, निरोप तेच, स्रावही तोच. तरीही हा जंत आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकून राहतो. कारण तो स्वतःच्या शरीरातून असे पदार्थ सोडतो, जे उंदराच्याच शांतता पाळायला लावणाऱ्या रसायनांची नक्कल करतात. आपल्याकडे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी असतात. टीजीएफ-बीटा हे रसायन त्यांना पुढे आणतं. या जंताने त्या रसायनाच्या कामाची नक्कल करणारं प्रथिन बनवलं आहे, हे २०१७ साली उघड झालं. माणसांतले जंत या दुसऱ्या प्रकारात मोडतात. पोटातला हुकवर्म वर्षानुवर्षं जगतो, गोल जंत वर्ष-दोन वर्षं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्यच. पण स्वेच्छेने हुकवर्म घेतलेल्या निरोगी माणसांमध्येही चित्र असंच दिसलं आहे: काही आठवड्यांत रक्तातल्या इओसिनोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी चढतात, पोटात दुखतं, मग पेशी हळूहळू उतरतात आणि हुकवर्म मात्र जागच्या जागी असतो.

इओसिनोफिल आणि आयजीई ही अँटिबॉडी यांचं मग काम काय? ही फौज मुख्यतः पेशीजालातून प्रवास करणाऱ्या अळ्यांसाठी आहे. आयजीई सापडली १९६६ साली, इशिझाका पतिपत्नींच्या ॲलर्जीवरच्या कामातून, पण ज्या भागांत जंत फार तिथल्या माणसांच्या रक्तात ती वर्षभर चढलेली असते. शिमेसू कोइनो या जपानी डॉक्टरांनी १९२२ साली गोल जंताची २,००० अंडी स्वतः गिळली आणि पुढे त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या. आतड्यात राहणारा हा जंत आधी फुप्फुसातून फेरी मारून येतो, हे माणसात असं सिद्ध झालं. त्या फेरीत शरीर अळ्यांवर इओसिनोफिल सोडतं. खोकला, दम लागणं, एक्स-रेवर आज दिसणारे आणि आठवड्याभराने नाहीसे होणारे डाग, अशी लक्षणं स्विस डॉक्टर लफलर यांनी १९३२ साली नोंदवली ती यामुळेच. म्हणून मुलाच्या रक्ततपासणीत इओसिनोफिल वाढलेले दिसले, तर अळ्या पेशीजालात फिरत असण्याची शक्यता असते. एकदा जंत आतड्याच्या पोकळीत स्थिरावले की हा आकडा साधारण पातळीवर येऊ शकतो. इओसिनोफिल ठीक आहेत म्हणजे जंत नाहीत, असा अर्थ काढणाऱ्यांची इथेच फसगत होते.

प्रतिकारशक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी नाकारणार नाही. प्रतिकारशक्ती काहीच करत नाही, असं मुळीच नाही. ती नसली तर काय होतं, हे स्ट्रॉन्गिलॉइडिस हा बारीक जंत दाखवतो. मातीतून येणाऱ्या जंतांमधला हा अपवाद, कारण तो माणसाच्या आतच पिढ्यामागून पिढ्या काढू शकतो. दुसऱ्या महायुद्धात बर्मा-थायलंड रेल्वेवर राबलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांच्या पोटात तो मायदेशी परतल्यावरही अनेक दशकांनी सापडला. इतकी वर्षं त्यांची प्रतिकारशक्ती त्याला काबूत ठेवून होती. हद्दपार मात्र करू शकली नव्हती. अशा माणसाला दम्यासाठी, सांधेदुखीसाठी किंवा कोविडमध्ये दिले तसे स्टेरॉइडचे मोठे डोस दिले, की तो काबू सुटतो. अळ्या फुप्फुसात, रक्तात, अगदी मेंदूपर्यंत पसरतात, आतड्यातले जिवाणू आपल्याबरोबर ओढून नेतात आणि माणूस दगावू शकतो. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे: एकाच गावात, एकाच मातीत राहूनही जंत सगळ्यांत सारखे वाटलेले नसतात. साधारण वीस टक्के माणसांच्या पोटात ऐंशी टक्के जंत असतात. सवयी आणि राहणीमान यांबरोबर आनुवंशिक प्रतिकारक्षमतेचाही त्यात हात आहे.

पण यातून "प्रतिकारशक्ती वाढवा, गोळी नको" हा निष्कर्ष निघतो का? गोल जंत आणि चाबूककृमी यांचा भार ५ ते १५ या वयात सर्वांत जास्त असतो आणि पुढे कमी होतो. या उतरणीला प्रतिकारशक्ती काही अंशी कारणीभूत आहे असं मानलं, तरी ती यायला लागली दहा-पंधरा वर्षं. उंची वाढण्याची, शिकण्याची, हाडं भरण्याची तीच वर्षं. हुकवर्मच्या बाबतीत तर एवढाही दिलासा नाही. त्याचा भार वयाबरोबर वाढतच जातो आणि चिखलात राबणाऱ्या प्रौढांत, त्यातही बाळंतपणं झालेल्या बायकांत, त्याची किंमत दिसते. शिवाय प्रतिकारशक्ती वाढवायची ती कशाने? स्राव, नव्या पेशी, अँटिबॉडी या सगळ्यांना प्रथिनं लागतात. आहारातली प्रथिनं तोडली की उंदीर जंत बाहेर टाकू शकत नाहीत, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. ज्या मुलाला प्रथिनं कमी पडतात त्याच मुलाच्या ताटातला वाटा जंत घेत असतो.

हिशेबच करून पाहू. नेकेटर जातीचा एक हुकवर्म दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त वाया घालवतो. अँकिलोस्टोमा जातीचा त्याच्या पाचपट किंवा जास्त. शंभर नेकेटर म्हणजे रोज ३ मिलिलिटर. हिमोग्लोबिन १२ असेल तर एक मिलिलिटर रक्तात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे रोज १.२ मिलिग्रॅम लोह आतड्यात सांडतं. त्यातलं काही परत शोषलं जातं, तरी लहान मूल दिवसभराच्या जेवणातून एखादा मिलिग्रॅम लोहच शोषून घेऊ शकतं. खजूर, नाचणी, पालेभाजी सगळं द्यावं, जरूर द्यावं. पण जमा आणि खर्च बरोबरीत असताना शिल्लक पडणार कुठून?

"प्रतिकारशक्ती वाढवणं" सोपं असतं, तर हुकवर्मची लस केव्हाच बाजारात आली असती. शास्त्रज्ञांनी हुकवर्मच्या अळीतलं एक प्रथिन निवडलं, प्राण्यांत त्याचे चांगले परिणाम पाहिले आणि ब्राझीलमध्ये हुकवर्म असलेल्या भागातल्या प्रौढांना लस टोचून पाहिली. काहींच्या अंगावर लगेच पित्ताच्या गांधी उठल्या. कारण पूर्वी हुकवर्म होऊन गेल्यामुळे त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई आधीपासून तयार होती. चाचणी थांबवावी लागली. माणसांतल्या कोणत्याही आतड्यातल्या जंतावर आजपर्यंत मान्यताप्राप्त लस नाही. एकेका प्रथिनावर वर्षानुवर्षं खपणाऱ्यांना जे साधलं नाही, ते बाजारातल्या टॉनिकच्या बाटलीने कसं साधावं?

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनीही परंपरा नीट पाहावी. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर तीन उपाय सांगितले आहेत: अपकर्षण म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणं, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना पोटात राहता येणार नाही अशी परिस्थिती करणं, आणि निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारण टाळणं. पहिला उपाय काढण्याचा आहे. आपल्याकडच्या बाळगुटीतलं वावडिंग, वैद्यांचं पळसबीज, ही जंतांवरची औषधंच आहेत. शरीर आपलं आपण बघून घेईल, असं आपल्या पूर्वजांनीही कधी मानलेलं नव्हतं. आणि गोड खाल्ल्याने जंत होतात ही समजूत मात्र परंपरेच्या नावावर खपते, तिला आता निरोप द्यायला हवा. जंत अंड्यातून किंवा अळीतून येतो, गुळातून येत नाही.

आता ॲलर्जीचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७६ साली जॉन टर्टन यांनी स्वतःच्या अंगात हुकवर्म सोडून घेतला आणि आपला हे फीव्हर, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी-शिंका, थांबल्याचं लिहिलं. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मोठ्या कुटुंबांतल्या मुलांना हे फीव्हर कमी का, हा प्रश्न मांडला आणि लहानपणी जंतुसंसर्ग कमी झाले की ॲलर्जी वाढते, या स्वच्छतेच्या गृहीतकाची चर्चा सुरू झाली. अर्जेंटिनात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या ज्या रुग्णांना योगायोगाने जंत झाले होते, त्यांचा आजार इतरांपेक्षा संथ चालल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. गॅबनमध्ये मुलांना वारंवार जंतांचं औषध दिल्यावर घरातल्या धुळीतल्या माइट्स या सूक्ष्म किड्यांविरुद्धची त्वचेची ॲलर्जी वाढलेली दिसली. नियामक पेशींना पुढे आणणारा जंत शेजारच्या ॲलर्जीलाही लगाम घालू शकतो, यात तर्कदृष्ट्या काही चूक नाही.

पण पुढचं वाचा. नॉटिंगहॅममध्ये दम्याच्या रुग्णांना मोजून १० हुकवर्म अळ्या दिल्या, तरी दम्यात ठळक फरक पडला नाही. क्रोन्स या आतड्याच्या आजारावर डुकरातल्या चाबूककृमीची अंडी पाजण्याचे सुरुवातीचे प्रयोग आशादायक वाटले. मोठी, नीट आखलेली चाचणी २०१३ साली अपयशी ठरली. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची एकत्र तपासणी झाली तेव्हा हुकवर्म असलेल्यांत दमा कमी निघाला, तर गोल जंत असलेल्यांत उलट जास्त. मग कोणता जंत ठेवायचा आणि कोणता काढायचा? आणि लगाम फक्त ॲलर्जीलाच बसतो असं थोडंच आहे? इक्वेडोरमध्ये गोल जंत असलेल्या मुलांना आधी अल्बेंडाझोल, म्हणजे शाळेतल्या गोळीतलंच औषध, देऊन मग कॉलऱ्याची तोंडी लस दिली, तेव्हा लसीचा प्रतिसाद सुधारला. इथिओपियात जंत असलेल्यांमध्ये क्षयाच्या बीसीजी लसीचा प्रतिसाद कमी दिसला. आपल्या मुलांना लसी देण्यासाठी आरोग्य सेविका वाड्यावस्त्यांवर पायपीट करतात, त्या लसीच पोटातला जंत बोथट करत असेल, तर तो जंत जपायचा कशासाठी? निरोगी, सुखवस्तू प्रौढाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली दहा अळ्या घेणं आणि भातखाचरात अनवाणी फिरणाऱ्या मुलीच्या पायातून मोजदाद नसलेल्या अळ्या शिरणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

तिसरा आक्षेप अभ्यासू लोकांचा आहे आणि तो सर्वांत अवघड. केनियातल्या बुसियामधल्या ७५ शाळांत जंतांचं औषध दिल्यावर गैरहजेरी कमी झाल्याचं मिगेल आणि क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली मांडलं. त्या आकड्यांची फेरतपासणी झाल्यावर, तो निष्कर्ष टिकतो का यावरून २०१५ मध्ये मोठं वादळ उठलं. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर झालेल्या डेव्हटा चाचणीत नियमित जंतनाशक देऊनही वजनात किंवा मृत्यूच्या प्रमाणात दखल घ्यावा असा फरक दिसला नाही, हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. मग गोळ्या वाटायच्या कशाला? याचं उत्तर जंतांच्या असमान वाटणीत आहे. सगळ्या मुलांची सरासरी काढली की ज्या थोड्या मुलांच्या पोटात बहुतेक जंत आहेत त्यांचा फायदा इतरांच्या गर्दीत हरवतो. शंभरातल्या ऐंशी जणांना जंत नसतील किंवा नावापुरते असतील, तर त्यांचं वजन गोळीने वाढणार तरी कसं? उरलेल्या वीस जणांना शोधून काढायला प्रत्येकाची शौचतपासणी करावी लागते आणि ती गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते. गोळी इतकी स्वस्त आणि निर्धोक आहे, की सगळ्यांना देणं हाच त्या वीस जणांपर्यंत पोचण्याचा व्यवहार्य मार्ग. गोळीने बुद्धी वाढते, देशाचं उत्पन्न वाढतं असे मोठे दावे करणाऱ्यांनी मात्र तिच्यावर उपकार केलेले नाहीत. जड भार असलेल्या मुलाच्या पोटातून जंत निघतात, एवढं तिचं काम पुरेसं मोलाचं आहे.

गोळी हे करते कशी, तेही स्पष्ट असू द्या, कारण "औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते" ही भीती खूप पसरली आहे. अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. पेशीचा सांगाडा उभा राहत नाही, साखर शोषणं थांबतं, जंत उपाशी पडतो आणि आतड्याच्या नेहमीच्या हालचालीने वाहून जातो. ४०० मिलिग्रॅमच्या एका डोसातलं थोडंच औषध रक्तात जातं. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी बारीक करून पाण्यात, दोन ते तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण गोळी बारीक करून, त्यावरच्या मुलांना चावून. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून अख्खी गोळी घशात ढकलणं हा खरा धोका आहे. गोळी श्वासनलिकेत अडकून मुलं दगावली आहेत. ताप असलेल्या, आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नये, मागाहून द्यावी. मोठ्या मुलींच्या बाबतीत गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गोळी टाळायची असते. भार जड असेल तर गोळीनंतर पोटात दुखतं, मळमळतं, कधी उलटी होते. काही तासांत ते ओसरतं.

आणि तरीही गोळीवाल्यांचं "काम झालं" हे विधान चुकीचंच. एका डोसाने गोल जंत ९५ टक्क्यांच्या आसपास मुलांत पूर्ण जातो, हुकवर्म ८० टक्क्यांच्या आसपास, चाबूककृमी मात्र जेमतेम ३० टक्क्यांत. अमिबा आणि जिआर्डियाला तर या एका डोसाने उतारा नाहीच. पोट सारखं बिघडत असेल तर गोळी घेतली आहे म्हणून तपासणी टाळू नये. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे: याच गटातली औषधं वर्षानुवर्षं कळपाला पाजल्यावर हिमोंकस हा रक्त पिणारा जंत जगभर त्यांना दाद देईनासा झाला. माणसांतही तसं होणार नाही, याची हमी कोण देणार?

अमेरिकेच्या दक्षिणेत १९०९ साली तेल उद्योगपती रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरवर हुकवर्मविरोधी मोहीम निघाली. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना हुकवर्म होता. थायमॉल पाजून लाखो लोकांचे जंत पाडले, पण घरामागे शौचकूप नसलेल्या भागांत तो परत येत राहिला. दक्षिण कोरियाने हा धडा घेतला. १९६३ मध्ये जेओन्जू शहरात नऊ वर्षांची एक मुलगी आतडं तुंबून दगावली. तिच्या पोटातून १,०६३ गोल जंत निघाले. पुढच्याच वर्षी परजीवी निर्मूलनासाठी संस्था उभी राहिली, १९६६ साली कायदा झाला, आणि पुढे शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा शौचतपासणी करून अंडी सापडतील त्यांना औषध देण्याची पद्धत पडली. शेतात मानवी विष्ठेचं खत घालणंही थांबत गेलं. १९७१ च्या राष्ट्रीय पाहणीत ८४.३ टक्के लोकांत कुठल्या ना कुठल्या कृमीची अंडी होती. १९९७ मध्ये २.४ टक्के. कोरियन माणसांच्या टफ्ट पेशी त्या २६ वर्षांत बदलल्या नाहीत. बदलली ती माती.

आपल्याकडे त्या मातीचा विचार गोळीच्या दिवशी होत नाही, ही माझी तक्रार आहे. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं आणि गावोगाव शौचालयं उभी राहिली, हे मोठं काम. पण दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दीड-दोन वर्षं तसाच ठेवायचा असतो. घाईने सहा महिन्यांत उपसून खत शेतात टाकलं, तर गोल जंताची जिवंत अंडी त्याबरोबर जातात. त्यांचं कवच इतकं चिवट असतं की मातीत ती वर्षानुवर्षं तग धरतात. शहरांभोवती सांडपाण्यावर पिकणारी कोथिंबीर, मेथी, मुळा कच्चा खाताना हेच घडतं. हुकवर्मचा मार्ग वेगळा, तो पायातून शिरतो. १८९८ साली कैरोत आर्थर लूस या संशोधकाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं, कातडी खाजून लाल झाली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात हुकवर्मची अंडी सापडली, तेव्हा हे कळलं. त्यामुळे हात धुण्याने गोल जंत टळेल, हुकवर्म टळणार नाही. त्याला पायात चप्पल आणि उघड्यावर न बसणं, हे दोन्ही लागतं. कोकणात लावणीच्या दिवसांत चिखलात चप्पल घालून काम करता येत नाही, म्हणून तिथे शौचालयाचं महत्त्व दुप्पट.

म्हणून मागणी करायची तर ती नेमकी करावी. किती गोळ्या वाटल्या, हा आकडा यशाचा नाही. प्रत्येक तालुक्यातल्या निवडक शाळांत काटो-काट्झ पद्धतीने शौचतपासणी व्हावी: ४१.७ मिलिग्रॅम नमुना पट्टीवर घेऊन त्यातली अंडी मोजायची आणि २४ ने गुणायची, की एका ग्रॅममध्ये किती अंडी ते कळतं. गोल जंताची ५,००० पासून पुढे मध्यम आणि ५०,००० पासून जड भार धरतात; हुकवर्मची मर्यादा २,००० आणि ४,०००. हुकवर्मची अंडी पट्टीवर तासाभरात विरघळून दिसेनाशी होतात, तेव्हा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवत बसू नये, शाळेतच सूक्ष्मदर्शक न्यावा. मध्यम आणि जड भाराची मुलं दोन टक्क्यांच्या खाली आणणं हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं उद्दिष्ट आहे. ज्या तालुक्यात ते साधलं असेल तिथे गोळ्या कमी करता येतील. जिथे चाबूककृमी ठाण मांडून असेल तिथे अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन हे दुसरं जंतनाशक द्यायचं का, हे डॉक्टरांना आकड्यांवरून ठरवता येईल. आणि जिथे गोळीनंतर तीन आठवड्यांनी अंडी गेलेली, पण सहा महिन्यांनी पुन्हा तितकीच दिसतील, तिथे ग्रामपंचायतीला पुढचा निधी गोळ्यांवर न घालता खड्ड्यांवर आणि सांडपाण्यावर घालावा लागेल.